पहिली रांग नको, बाल्कनी घ्या
न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरचा जॅझ ऑर्केस्ट्रा गावातल्या आर्ट्स सेंटरला आला की पहिल्या रांगेचंच तिकीट काढा, असं काही जण सांगतात, ते मला पटलं नाही. १५ जणांचा ताफा असतो: पुढे ५ सॅक्सोफोन, त्यांच्यामागे ३ ट्रॉम्बोन, सगळ्यात मागे ४ ट्रम्पेट, शिवाय पियानो, बास आणि ड्रम. त्यांचे नामवंत ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस वर्षानुवर्षं त्या मागच्या ओळीतच बसत आलेत! पहिल्या रांगेतून ते नोटेशन-स्टँडआड जातात, आणि सॅक्सोफोन इतके जवळ की ट्रम्पेटचा आवाज डोक्यावरून निघून जातो.

बाल्कनीची पुढची रांग घ्या, तिथे सगळे सूर मिसळून येतात. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची रचना असेल तर ट्रम्पेटवादकांचे हात बघा: तुंबलेल्या बेसिनला लावतो तसल्या रबरी वाटीची डाव्या हाताने ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडावर उघडझाप होते, त्यातूनच तो ‘वा-वा’ असा बोलका आवाज निघतो.