यंदा तुमचं झालेलं गाणं

डिसेंबर आला की ॲप आपलीच यादी आपल्याला पाठवतं. वर्षभरात सगळ्यांत जास्त काय ऐकलंत, कोणाला ऐकलंत. लोक ती मिरवतात, मीही मिरवतो. पण बघताना दरवेळी वाटतं की ही यादी माझी कमी आणि माझ्या फोनची जास्त. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात की फोन तिथेच ठेवून अंघोळीला गेला होतात, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून हा धागा. यंदा तुमचं झालेलं एक गाणं सांगा. ते यंदाच आलेलं असायला हवं असं काही नाही. फक्त नुसतं नाव टाकून पळू नका. कसं भेटलं, का चिकटलं, तेही लिहा. चार ओळी पुरेत, चाळीस असल्या तरी हरकत नाही.

सुरुवात माझ्यापासून. यंदाचं माझं गाणं आहे ‘इंद्रायणी काठी’. हसू नका. जन्मापासून कानावर असलेलं गाणं म्हणजे ऐकलेलं गाणं नव्हे. ते 1953 च्या ‘गुळाचा गणपती’तलं, शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची. भीमसेनजी तेव्हा जेमतेम एकतिशीचे. यंदा एका रात्री हेडफोन लावून ते सलग ऐकलं आणि लक्षात आलं की माझ्या डोक्यातले भीमसेनजी नंतरच्या मैफलींमधले आहेत. हा तरुण गळा वेगळाच आहे. नंतर कित्येक रात्री झोपण्याआधी तेवढंच एक. यादीत ते कुठेही आलं नाही, कारण मी ते ॲपवर ऐकतच नव्हतो.

*

आमच्या घरी दोन वर्षांचा मालक आहे. त्यामुळे माझ्या यादीत वरची सगळी गाणी बदकं, बस आणि शार्क यांची. ‘बेबी शार्क’ हा नोव्हेंबर 2020 मध्ये यूट्यूबवरचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ झाला. त्या आकड्यात आमचं योगदान मोजण्याइतकं आहे याबद्दल मला शंका नाही.

तरी माझं गाणं त्यातलं नाही. पोराला झोपवताना मी जे काही बेसूर गुणगुणते ते आहे. त्याला चाल आहे, शब्द रोज बदलतात, बऱ्याचदा त्यात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी असते. ‘उद्या सिलेंडर, उद्या बिल’ असं दोनदा म्हटलं की झोपतो. धाग्यात बसतं का बघा, नाहीतर उडवा.

*

उडवताय कसलं! वरच्या प्रतिसादाला पहिलं बक्षीस.

*

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बराच मोठा आहे, तेव्हा थोडं जुनं उगाळतो. वार्षिक यादी हा प्रकार ॲपवाल्यांनी शोधलेला नाही. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि वर्ष संपताना सगळ्या वर्षाची उतरंड ऐकवली जायची. निवेदक अमीन सायानी क्रमांकाला ‘पायदान’ (पायरी) म्हणत, आणि सगळ्यांत वरच्या पायदानावर कोण यावर आमच्या घरात पैजा लागत. गंमत म्हणजे सिलोनला ही संधी मिळाली ती आपल्याच एका मराठी माणसामुळे. बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं होतं.

तेव्हापासून मी वही ठेवतो. गाणं, गायक, संगीतकार, गीतकार, असे चार रकाने. शेवटचा रकाना भरणं आताच्या काळात सगळ्यांत अवघड जातं. ॲपवर गायकाचं नाव ठळक असतं, गीतकाराला मात्र शोधत बसावं लागतं, आणि पुष्कळदा तो सापडतच नाही. 1949 च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर लताबाईंचंही नाव नव्हतं, पडद्यावरच्या ‘कामिनी’चं होतं. गायकांनी भांडून नाव मिळवलं. लिहिणाऱ्यांची पाळी कधी येणार कोण जाणे.

यंदाचं माझं गाणं तेच, ‘आएगा आनेवाला’. संगीतकार खेमचंद प्रकाश, गीतकार नक्शब. चारही रकाने भरलेले. सुरुवातीचा तो लांबून येणारा आवाज ऐकून या वयातही अंगावर काटा येतो.

*

माझं गाणं म्हणजे ऑफिसात शेजारी बसणाऱ्याची रिंगटोन. मी ते निवडलेलं नाही, त्यानंच मला निवडलंय. पूर्ण गाणं मी आजतागायत ऐकलेलं नाही, फक्त पहिली ओळ, दिवसभर, रात्री स्वप्नातसुद्धा. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये असं मांडलं होतं की डोक्यात अडकलेलं गाणं च्युइंगम चघळल्यानं कमी आठवतं. मी चघळून पाहिलं. आता ती ओळ मला पुदिन्याच्या चवीसकट ऐकू येते.

*

धागा काढणाऱ्यांना: तुमचं ‘इंद्रायणी काठी’ भीमपलास रागातलं आहे आणि माझं अख्खं वर्ष भीमपलासात गेलंय!

मी उशिरा गाणं शिकायला लागले. यंदा ताईंनी भीमपलासची एक बंदिश दिली आणि अजून तीच चालू आहे. आरोहात, म्हणजे स्वर चढताना, रिषभ (रे) आणि धैवत (ध) घ्यायचे नाहीत, उतरताना सगळे स्वर, गंधार-निषाद कोमल. कागदावर दोन ओळींचा मामला. गाताना मात्र आरोहात तो रिषभ न बोलावता येऊन बसतो. आणि मध्यमावर थांबायचं तर कसं आणि किती, हे कागद सांगत नाही. ताई नुसतं ‘थांब तिथे’ म्हणतात. त्या थांबल्या की तिथे घर असल्यासारखं वाटतं. मी थांबले की कोणीतरी लाल सिग्नल दिल्यासारखं.

पण कान बदलला. मदनमोहनचं ‘नैनों में बदरा छाए’ मी कायम लताबाईंच्या आवाजासाठी ऐकत आले होते. यंदा ते लागलं आणि गंधार येण्याआधीच मला तो कळला! बसमध्ये होते, शेजारच्या बाईंना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तेव्हा माझं यंदाचं गाणं ती बंदिश. तिचं रेकॉर्डिंग फक्त माझ्या फोनमध्ये आहे, ताईंच्या ‘परत म्हण’सकट.

*

मला मुळात ‘यंदाचं’ या अटीचीच गंमत वाटते. बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ घ्या. लेननने ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरी कॅसेटवर गायलं, पियानो वाजवत. तो गेल्यानंतर, 1995 च्या सुमारास, बँडमधल्या उरलेल्या तिघांनी त्यावर काम सुरू केलं, पण लेननचा आवाज पियानोतून आणि खरखरीतून सुटा होईना, म्हणून सोडून दिलं. पुढे संगणकाला आवाज ओळखायला शिकवून तो वेगळा काढता आला आणि गाणं नोव्हेंबर 2023 मध्ये आलं. त्यात हॅरिसनची गिटार आहे ती 1995 ची, आणि तोही 2001 मध्ये गेलेला. मग हे कुठल्या वर्षाचं गाणं? 2025 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, म्हणजे तिथल्या लोकांनी ते नवंच धरलं.

मी ते यंदा पहिल्यांदा नीट ऐकलं, म्हणून माझ्यापुरतं ते यंदाचं.

*

तंत्र भारी आहे, मान्य. पण गाणं म्हणून मला ते मध्यमच वाटलं. गोष्ट काढून घेतली तर किती जण दुसऱ्यांदा लावतील? (बीटल्सवाले, दगड हळू मारा.)

*

गोष्ट काढून का घ्यायची? ‘इंद्रायणी काठी’मधून आळंदी काढून बघा काय उरतं.

*

एक शंका. गाणं नसलं तरी चालेल का? म्हणजे शब्द नसलेलं?

यंदा घरात एक वाईट गोष्ट घडली, तपशील नको. त्यानंतर बरेच महिने मला शब्द असलेलं काहीच ऐकवेना. कुठलंही गाणं लावलं की दुसऱ्या ओळीला ते माझ्याबद्दल बोलायला लागायचं. आनंदी गाणी तर जास्तच छळायची. मग भावानं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पाठवलं. 1967 ची तबकडी: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. एका मेंढपाळाचा सकाळ ते रात्र असा दिवस, अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत. मला राग ओळखता येत नाहीत, कव्हरवर लिहिलंय म्हणून सांगतेय.

त्यात कोणी मला काही विचारत नव्हतं, समजावत नव्हतं. एवढंच हवं होतं. अजूनही शब्दांकडे पूर्ण वळलेली नाही, पण परवा रिक्षात एक गाणं लागलं होतं आणि मी ‘बंद करा’ म्हटलं नाही.

*

चालेल. अगदी चालेल. त्यातला भूप राग ऐकलात का? नसेल तर आधी तो ऐका, मग बोलू.