बेळगाव ‘स्मार्ट’ झालं म्हणणाऱ्यांनी एकदा गटाराचं झाकण उघडून बघावं

शहापूर गल्ली

काल इथं एकानं लिहिलं, ‘२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी मिशनच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, रस्ते काँक्रीटचे झाले, तरी आमची रड संपत नाही. मूल्यमापन करायचं तर झालेला खर्च आणि पुरी झालेली कामं मोजा, गल्लीतली कुरकुर नको.’ हे वाचून गप्प बसवेना.

झालेला खर्च मोजणं म्हणजे हिशेब. मूल्यमापन वेगळं. केंद्राचे पाचशे कोटी आणि राज्याचे साधारण तेवढेच, हा साचा शंभर शहरांना सारखाच होता. त्यातला मोठा वाटा निवडलेल्या एका पट्ट्यात घालायचा, आणि जुनी वस्ती सुधारायची तर पट्टा ५०० एकरांहून मोठा हवा, एवढी अट. पट्ट्याच्या पलीकडच्या प्रभागाचं काय, याला त्यात फारशी जागाच नव्हती. ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं. बांधायला पैसा होता, सांभाळायला नाही. आता दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, जळला, कॅमेऱ्याची केबल तुटली, बागेतली मोटर बसली, की भार महापालिकेवर. म्हणजे आपल्या घरपट्टीवर.

म्हणून मोजायचं ते हे: खांबावरचा दिवा गेला तर किती दिवसांत लागतो? गटार मे महिन्यात उपसतात की जुलैत? कचरागाडीत ओलं-सुकं वेगळं पडतं की एकाच हौद्यात? नम्म क्लिनिक, म्हणजे राज्य सरकारचे छोटे दवाखाने, २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हाची वेळ ९ ते साडेचार. वडगाव-खासबागेतला विणकर त्या वेळी मागावर असतो. डॉक्टर आहे, औषध आहे, फुकट आहे, आणि ज्याच्यासाठी काढलं तो येऊ शकत नाही. ‘क्लिनिक पूर्ण’ या रकान्यात मात्र बरोबरची खूण.

जुना टिळकवाडीकर

ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलायला काय झालं?

डांबराचे दिवस विसरलात. इथं वर्षाला १२००-१३०० मिमी पाऊस, त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टात. साचलेलं पाणी खडीवरचं डांबर सोडवतं, दसऱ्यापर्यंत खड्डे, दिवाळीत ठिगळ, पुढच्या जूनमध्ये परत तेच. ते चक्र काँक्रीटनं मोडलं. एवढं तरी कबूल कराल की नाही?

लेव्हल ट्यूब

खड्ड्यांचं कबूल. उंचीचं कोण बोलणार?

काँक्रीट रस्त्याला खाली १०० ते १५० मिमी कोरडं काँक्रीट लागतं, त्यावर दोनशे मिमीच्या वर एम-४० चा, म्हणजे जास्त ताकदीच्या काँक्रीटचा, थर. जुनं डांबर आणि खडी उकरून तेवढी खोली काढली तर रस्ता होता त्या उंचीला राहतो. उकरायला वेळ लागतो, ट्रक लागतात, राडारोडा टाकायला जागा लागते. म्हणून जिथं नुसतं वरवर खरवडून ओततात तिथं रस्ता फूटभर वर येतो. जुन्या गल्ल्यांत उंबरा रस्त्यापासून दोन पायऱ्या वर असायचा. तो रस्त्याच्या बरोबरीला आला की पहिल्या वळवाला पाणी गटार सोडून सोप्यात शिरणार, दुसरं काय होणार!

शहापूर-वडगाव बाजूला अजून एक भानगड, काळी जमीन. पावसात फुगते, एप्रिलात आकसते. खाली मुरमाचा जाड थर नीट दाबून घेतला नाही तर साडेचार मीटरची अख्खी फरशी एका अंगाला कलते. तांबड्या मातीवर चाललेलं डिझाइन तिथं जसंच्या तसं चालत नाही.

मागवाली, वडगाव

आणि सांधे. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याच दिवसात, फार तर रात्रीपर्यंत, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश खोलीचा काप मारावा लागतो. उशीर झाला की काँक्रीट आपल्या मर्जीनं तडकतं. मग त्या वेड्यावाकड्या तडेला डांबर फासून ‘सांधा भरला’ म्हणायचं.

जुना टिळकवाडीकर

म्हणजे सगळे इंजिनिअर बिनडोक, आणि अक्कल तुम्हा तिघांना. बरं झालं कळलं.

लेव्हल ट्यूब

इंजिनिअरला सगळं कळतं ओ. क्रम कोण मोडतं ते विचारा. आधी ड्रेनेज, मग नळ, मग केबलचे डक्ट, रस्ता शेवटी. ओतण्याआधी दर तीस-चाळीस मीटरवर रस्त्याखालून रिकामे आडवे पाइप टाकून ठेवायचे, उद्याच्या जोडण्यांसाठी. ते नसले की नव्या नळासाठी ब्रेकर आलाच. फोडायचं तरी पूर्ण फरशी सांध्यापर्यंत कापून, सळ्या घालून परत ओतायची. प्रत्यक्षात हातभर चर, त्यात माती, वर डांबराचा गोळा. एक पावसाळा आणि चर खचला.

चावीवाला

नळाचा विषय निघालाच तर ऐका. हिडकल आणि राकसकोप ही आपली धरणं भरलेली असली तरी बहुतेक गल्ल्यांत पाणी पाळीनंच. चोवीस तास पाणी २००८ च्या सुमारास काही निवडक प्रभागांत सुरू झालं. सगळ्या शहरासाठीचं काम नंतर हाती घेतलं. तुम्ही रस्त्याच्याच विषयाला धरून बसलाय, खरी परीक्षा त्या पाइपची आहे.

अनगोळचा आडमुठा

चोवीस तास पाणी म्हणजे चोवीस तास मीटर. हवेनं मीटर फिरतो आणि बिल माणूस भरतो.

चावीवाला

हवेनं मीटर फिरतो तो पाळीच्या पाण्यात. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, हवा भरते. परत चावी सोडली की आधी ती हवा मीटरमधून सुसाट जाते. लाइन सतत भरलेली असली की हवा शिरतच नाही. पाळीच्या गल्लीत मीटर बसवायचे तर चढाच्या टोकाला हवा सोडणारे वाल्व हवेत, नाहीतर तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर.

दुसरं, पाइप रिकामा होतो तेव्हा आत ओढ तयार होते. गटारातून गेलेल्या जोडणीचं सॉकेट गळकं असलं तर गटाराचं पाणी आत. हुबळी-धारवाडात पाळीचे आणि चोवीस तासवाले भाग शेजारी ठेवून तपासणी झाली होती. चोवीस तासवाल्या नळांत जंतू बरेच कमी सापडले. एकूण जुलाबात मोठा फरक दिसला नाही, पण गरीब घरांत आव कमी होती. रस्ता किती किलोमीटर केला यावरून असलं काही समजत नाही.

अनगोळचा आडमुठा

जंतूंचं मानलं. बिलाचं नाही. आणि बिल वाचायचं कुणी? सगळं कन्नडात. पंधरा-वीस टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासून कागदावर आहे.

जुना टिळकवाडीकर

आलं शेवटी भाषेवर. मी वाटच बघत होतो. गटार, पाणी, काँक्रीट, काहीही काढा, बेळगावात धागा तिथंच जाऊन थांबतो. म्हणूनच आपलं कुणी मनावर घेत नाही.

मागवाली, वडगाव

थांबतो कारण अडतो तिथं. दंड लागायची तारीख ज्या कागदावर आहे तो आजीला वाचता येत नसेल तर ती सेवेतली खोट आहे. तुम्हाला कन्नड येतं म्हणून सगळ्यांना आलंच पाहिजे काय?

जुना टिळकवाडीकर

मला येतं कारण मी शिकलो. शिकायला कुणी अडवलंय?

शहापूर गल्ली

दोघंही जरा दमानं. मूळ प्रश्न: मोजायचं कुणी? घटनेच्या २४३-एस कलमानं तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. २०११ च्या जनगणनेत आपण ४.८८ लाख. राज्याच्या कायद्यात दर समितीवर दहा सदस्य नेमायचे, त्यांत तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, दोन रहिवासी संघांचे. ५८ प्रभागांत ५८ वह्या ठेवा, दर महिन्याला चार रकाने भरा: दिवा, गटार, नळ, कचरा. डॅशबोर्डचा पडदा लावायची गरज नाही.

जुना टिळकवाडीकर

वही कोण भरणार? समितीत पण नगरसेवकाचेच चार जवळचे येणार, लिहून ठेवा. तरी बघा, उंचीचा मुद्दा मी धरतो. कामाआधीच्या आणि नंतरच्या लेव्हल दाखवा, मग बोलू.

लेव्हल ट्यूब

मेजरमेंट बुकात, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या सरकारी वहीत, असतात. माहिती अधिकारात मागायच्या. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून तीन अर्ज करा. एकात लेव्हलची पानं, दुसऱ्यात २८ दिवसांच्या क्यूब चाचणीचे, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघतात त्याचे, निकाल, तिसऱ्यात दोष-दुरुस्तीची मुदत कधी संपते ते. तिसरा आधी टाका. मुदत संपली की कंत्राटदार दुरुस्तीला बांधील नाही. फी दर अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस.

अनगोळचा आडमुठा

आणि अर्ज कन्नड, इंग्रजी नाहीतर हिंदीत. मराठीतला परत पाठवतील, आणि नियम त्यांच्या बाजूनं आहे. आता बोला!

जुना टिळकवाडीकर

कन्नडात मी लिहून देतो. तीस रुपयेही माझे, उगाच उपकार म्हणू नका. रस्ता कुठला धरायचा ते तुम्ही ठरवा, पण माझ्या घरासमोरचा नको.