मदत हवी आहे: १९६८ची फियाट ११००, ठेवावी की विकावी?

नमस्कार मंडळी, सांगलीजवळ गोठ्यात पडून असलेली फियाट ११०० मिळतेय. १०८९ सीसीचं इंजिन जाम, फ्लोअरच्या पत्र्याची चाळण झालीय. पण बंपर, मीटर, स्टिअरिंगवरचा गिअर सगळं मूळचं. आरसी बुकही आहे. घरचे म्हणतात, नीट करून विक, चार पैसे सुटतील. मला नाही वाटत. पत्रेकाम, रंग, क्रोमिंग यांत घातलेला पैसा क्वचितच वसूल होतो, आणि मला ती चालवायचीय!

अडचण अशी: ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी केली तर रोज वापरता येत नाही. शिवाय चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मग नवा फ्लोअर त्यात धरतात का? आरटीओचा अनुभव कुणाला आहे? आणि या भागात जुन्या फियाटचा चांगला मिस्त्री कोण?