डोळ्यातल्या नमुन्याची पीसीआर कुठे करावी? (नांदेड, बजेट ३०००)

गोदाकाठ: बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी डोळा लाल, ठणका, सगळं धूसर. डॉक्टर म्हणाले एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग. व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) सुईने काढून तपासायला दिलं आणि लगेच डोळ्यात व्हँकोमायसिन-सेफ्टाझिडिम ही अँटिबायोटिक्स टोचली. ग्रॅम स्टेनमध्ये (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) काही नाही, ४८ तासांचा कल्चर (प्लेटवर जंतू वाढवून बघतात) 'नो ग्रोथ'. थोडा नमुना फ्रीजरमध्ये आहे. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, कुठे करू?

खमंग_चिवडा: थेट चेन्नई, शंकर नेत्रालय. आत्याला विमानाने नेलं होतं. पैशाकडे बघू नका.

तिखटजाळ: तीन हजारांत विमान?

रसिका_७: मँटू (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती टेस्ट) करा आधी. माझ्या दिरांच्या डोळ्यात टीबी निघाला, वर्षभर कुणाला कळला नव्हता.

तिखटजाळ: ताई, ऑपरेशननंतर चार दिवसांत टीबी? आणि मँटू आपल्याकडे धडधाकट माणसाचीही पॉझिटिव्ह येते.

रसिका_७: अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

लॅबवाली: आधी लॅबला फोन करा, प्लेट्स फेकू नका म्हणावं. स्टॅफ एपिडर्मिडिस, म्हणजे अशा केसमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा, बहुधा लवकर उगवतो. बुरशी आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखे आळशी जंतू १४ दिवस घेतात. बुरशीसाठी साबुरो प्लेट लावली का, बुरशी दिसावी म्हणून केओएच किंवा कॅल्कोफ्लुअर स्लाइड पाहिली का, तेही विचारा. पीसीआर केलीच तर फॉर्मवर 'बॅक्टेरियासाठी १६एस, बुरशीसाठी आयटीएस' असं लिहून घ्या; हे डीएनएचे ते भाग, ज्यांवरून जंतू ओळखतात. नुसतं 'आय पीसीआर' लिहिलंत तर हर्पिस-सीएमव्ही या विषाणूंचं पॅनेल लावून मोकळे होतील. शिवाय १६एस जंतूचं नाव देते. कुठलं औषध लागू पडेल ते कल्चरच सांगतं.

खमंग_चिवडा: +१, मी हेच म्हणत होतो. चेन्नई.

डब्लिनकर: आमच्याकडे रिपोर्ट मोबाइलवर येतो. तुम्ही अजून कुपी घेऊन धावताय.

मुक्कामपोस्ट: नांदेडहून हैदराबाद जवळ की. तिथल्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटला विचारा. नमुना बर्फातून न्या, एसटीच्या पार्सलने नको.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. सकाळपासून बाबांना फक्त उजेड कळतोय, म्हणून डॉक्टर आज संध्याकाळीच विट्रेक्टॉमी (व्हिट्रियस काढून टाकायचं ऑपरेशन) करतायत. त्यात भरपूर ताजा नमुना मिळेल, तो थिएटरमध्येच प्लेटवर लावणार. जुन्या प्लेट्स १४ दिवस ठेवायला लॅब तयार आहे. पीसीआर तूर्त नाही, कुठेच नाही.

खमंग_चिवडा: मग धागा काढलाच कशाला?

रसिका_७: मँटू तरी करून घ्या.