ऑगस्टमध्ये वेलिगामा नको, अरुगम बे बघा

ऑगस्टच्या सुट्टीत श्रीलंकेत सर्फिंग शिकायचं म्हटलं, की बहुतेकजण दक्षिण किनाऱ्यावरचं वेलिगामा सुचवतात. जागा नवशिक्यांसाठी उत्तमच, तळाला वाळू आणि लाटा सौम्य. पण तिचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये नैऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्यावर समुद्राकडून येतात, त्यामुळे पाणी बरेचदा खवळलेलं असतं. तेच वारे बेट ओलांडून पूर्वेला पोचतात तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. समोरून वारा लागला की लाट गुळगुळीत राहते आणि घाईने कोसळत नाही. म्हणून त्या महिन्यांत सगळे पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेला जातात.

तिथे मेन पॉइंट या सर्फिंगच्या मुख्य जागेच्या मोहात मात्र लगेच पडू नका. लाट लांबलचक आणि देखणी आहे, पण खाली खडक आहे आणि गर्दीही फार. सुरुवात बेबी पॉइंट किंवा उत्तरेच्या व्हिस्की पॉइंटवर करा. टुकटुकच्या टपावर बोर्ड बांधून नेतात, तो प्रवासही मजेचा.

पहाटेच पाण्यात उतरा, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. पडताना डोकं खाली घालून सूर मारू नका, अंग पसरून पडा आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा. आपलाच बोर्ड पायाला बांधलेल्या दोरीने परत खेचला जातो, त्याचा फटका जोरात बसतो. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, इथूनच घेऊन जा.

कोलंबोहून रस्त्याने जवळजवळ अख्खा दिवस जातो, तो हिशेबात धरा.