मदत हवी आहे – छोट्या मोटरबोटीचं कॅनव्हासचं छत बदलायचंय

नमस्कार मंडळी, पानशेतच्या बॅकवॉटरला आमची १४ फुटी छोटी मोटरबोट आहे, बाबांनी हौसेने घेतलेली, तिचं कॅनव्हासचं छत यंदाच्या उन्हाळ्यात पार गेलं. कापड वरून बरं दिसतं पण शिवण हाताने ओढली की दोरा तुटतो, आधीच्या कारागिराने साधा सुती दोरा वापरला होता आणि तो ऊन-पावसात कुजला, दोन पितळी आयलेट्सपण (दोरी ओवायच्या भोकातल्या कड्या) कापडासकट निघाल्यात. स्टीलच्या पाइपची फ्रेम मात्र ठणठणीत आहे, ती बदलायची नाही.

आता प्रश्न असा की नुसतं पॉलिएस्टरच्या यूव्हीवाल्या, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या दोऱ्याने परत शिवून घेऊ की कापडच नवीन टाकू? पीव्हीसी कोटिंगवालं घेतलं तर पाणी अजिबात येत नाही पण खाली घाम धरतो आणि घडी करून ठेवलं की बुरशी, अॅक्रिलिक कॅनव्हास हवा खेळू देतो पण महाग पडतो. मला अॅक्रिलिकच बरं वाटतंय, कारण बोट वर्षभर उघड्यावर असते.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत ताडपत्रीवाल्यांकडे विचारलं, कापड मिळेल म्हणाले पण मापाने शिवून देणार नाहीत. रिक्षाचे हूड शिवणारे असं काम करतात का? कोणी करून घेतलं असेल तर प्लीज सांगा, जुनं छत उसवून तेच कटिंगला माप म्हणून द्यावं की फ्रेमवर नव्याने माप घ्यावं, कारण जुनं कापड ताणलं गेलंय. पावसाळ्याआधी झालं पाहिजे हो, बाबा रोज विचारतात.