व्हायोलिन कुरिअरने पाठवताना घोडी उभी ठेवावी की उतरवावी? (आणि पहिल्या खेपेबद्दल इतर प्रश्न)

तंतू_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे. सतार-तानपुऱ्याचं काम इथलंच आहे, त्यात अडचण नाही. पण क्लास चालवणाऱ्या शिक्षकांकडून विद्यार्थ्यांसाठी व्हायोलिनची मागणी सतत येते. चीनच्या च्यांगसू प्रांतात ताइशिंगजवळ ह्वांगछ्याओ नावाचं गाव आहे. तिथले कारखाने जगभर विद्यार्थी-व्हायोलिन पुरवतात. तिथून २० नगांची पहिली खेप मागवायचा विचार आहे: १२ पूर्ण मापाची, ५ पाऊण, ३ अर्धी. दुकानात तयार करून ती राज्यभर कुरिअरने जातील, काही परदेशातल्या मराठी कुटुंबांकडेही.

विचारायचं असं की माल आल्यावर नेमकं काय तपासायचं? दुकानात किती काम करावं लागतं? पाठवताना घोडी (तारा टेकतात तो लाकडी पूल, ब्रिज) उभी ठेवायची की काढून वेगळी द्यायची? गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत साउंडपोस्ट (वाद्याच्या आत पोट आणि पाठीमध्ये उभी असते ती लाकडी काडी) आडवा झाला तर त्याच्या गावात तो उभा करणारं कोणी नसतं, ही मुख्य काळजी. कागदपत्रांचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

खुंटीकार

तंतूदादा, आधी एक गोष्ट पक्की धरा. कारखान्यातून येतं ते व्हायोलिन अर्धवट असतं. तारा चढवलेल्या असल्या तरी ते वाजवण्याजोगं नसतं. उरलेलं काम दुकानाचं, आणि तुमचा नफाही त्याच कामात आहे.

२० नग एकदम घेऊ नका. आधी ३ नग नमुन्याला मागवा आणि त्यांची मापं लिहून ठेवा. मागवतानाच सांगा: पोट (वाद्याची वरची फळी) कोरीव स्प्रूसचं हवं, दाबून वाकवलेलं किंवा प्लायचं नको. पाठ मेपलची. पट्टी (बोटं दाबतात ती, फिंगरबोर्ड) खऱ्या आबनूसाची, काळा रंग दिलेली नको. रंगवलेली पट्टी सहा महिन्यांत बोटांखाली पांढरी पडते, आणि घासून सरळ करायला गेलात तर रंगच निघतो. घोडी न कापलेली आणि साउंडपोस्ट न बसवलेला मागा. कारखान्यात घाईने कापलेली घोडी बहुधा फेकावीच लागते.

माल आला की पहिल्यांदा मान बघा. पट्टीचा वरचा पृष्ठभाग लांब फूटपट्टीने घोडीच्या जागेपर्यंत वाढवला तर तो पोटापासून २७ मिमीच्या आसपास यायला हवा. २४-२५ आला तर मान पडलेली आहे. मग घोडी बुटकी करावी लागते, तारांचा दाब कमी होतो आणि आवाज दबतो. मान काढून पुन्हा बसवायचा खर्च या किमतीच्या वाद्याला झेपत नाही, असा नग सरळ परत करा. मान मध्यरेषेत आहे का, हेही शेपटीकडून (तारांची खालची टोकं अडकवतात तिथून) डोळा लावून बघा. वाकडी असेल तर एका बाजूची तार पट्टीच्या कडेवर येते. पूर्ण मापाच्या नगात मानेचं माप नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात तिथून) पोटाच्या कडेपर्यंत १३० मिमी आणि कडेपासून घोडीच्या जागेपर्यंत १९५ मिमी, म्हणजे २:३. हे प्रमाण चुकलं तर विद्यार्थ्याची बोटं दुसऱ्या वाद्यावर बेसूर पडतात. शिक्षक असा नग लगेच ओळखतात.

मग खालच्या बटणाचं (शेपटीचा दोर अडकवायच्या खुंटीचं) भोक उघडून आत बारीक दिवा घाला. आतून बेसबार (जाड तारेखाली पोटाला आधार देणारी दांडी) वेगळा चिकटवलेला दिसला पाहिजे. काही स्वस्त नगांत तो पोटातूनच कोरलेला असतो आणि कोपऱ्यांचे ठोकळेही नसतात. कडेची काळी-पांढरी रेघ खरी जडवलेली आहे की शाईने काढलेली, तेही पाहा. ती नुसती शोभा नाही. कडेला ठेच लागली तर चीर तिथेच थांबते.

तयारीच्या कामात सर्वात जास्त वेळ खुंट्या आणि साउंडपोस्ट खातात. खुंटीचा उतार १:३०. भोक त्याच रीमरने (भोक निमुळतं करायचं हत्यार) आणि खुंटी त्याच मापाच्या शेपरने (खुंटी तासायचं हत्यार) केली तरच दोन्ही भिंतींना सारखी बसते. एकाच भिंतीला धरणारी खुंटी पावसाळ्यात जाम होते आणि उन्हाळ्यात सुटते. पट्टी उभी धरून बघितली तर मध्ये किंचित खोलगट हवी, बारीक तारेखाली ०.५ मिमी आणि जाड तारेखाली ०.७५ मिमीच्या आसपास. अगदी सपाट असेल तर तार खरखरते. गोलाई ४२ मिमी त्रिज्येची.

साउंडपोस्ट जुन्या, सरळ रेषांच्या स्प्रूसचा, साधारण ६ मिमी जाड. त्याच्या लाकडाच्या रेषा पोटाच्या रेषांना काटकोनात ठेवायच्या. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या २ ते ३ मिमी मागे तो उभा राहतो. वरची-खालची टोकं पोट आणि पाठीच्या उतारासारखी कापलेली हवीत, नाहीतर एका कडेवर टेकून तो लाकडात रुततो. जास्त लांब करून ठोकून बसवू नका, पोटाला चीर जाते. तारा सैल असतानाही जेमतेम उभा राहील इतकाच घट्ट हवा. तुमच्या मुख्य काळजीचं अर्धं उत्तर यातच आहे.

घोडीचे पाय पोटाच्या गोलाईला कागदाची चीरही आत जाणार नाही इतके जुळवा. पायाशी जाडी ४.५ मिमी, वर १.३ मिमी. पट्टीच्या टोकाशी तारेची उंची पहिल्या (सर्वात बारीक) तारेखाली ३ ते ३.५ आणि चौथीखाली ५ ते ५.५ मिमी. खाचेत तार एक तृतीयांशच बसावी आणि खाचेला शिसपेन्सिल फिरवावी. शेपटीच्या टोकापासून घोडीपर्यंत तारेचा भाग ५४-५५ मिमी ठेवा.

एका नगाला हात बसलेल्या माणसाचे तीन तास धरा. किंमत ठरवताना हे तास मोजले नाहीत तर २० नग विकूनही हाती काही उरणार नाही.

कोकणसूर

खुंटीकारांनी कामाचं छान सांगितलं, मी पार्सलचं सांगतो.

माझं मत: घोडी उभीच ठेवावी आणि तारा एक ते दीड स्वर उतरवाव्यात, त्याहून जास्त नाही. पूर्ण ताणात पोटावर बराच दाब असतो. चारही तारांचा मिळून ताण सुमारे २२ किलो भरतो. तो थोडा उतरवला की धक्का सोसायला जागा मिळते आणि साउंडपोस्टही दाबून राहतो. तारा पूर्ण सोडल्या तर घोडी सरकते, पोस्ट पडतो आणि शेपटीवरचा फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचा स्क्रू) पोटावर आपटून पॉलिश फोडतो. म्हणून काहीही केलंत तरी शेपटीखाली जाड मऊ कापडाची घडी हवीच. पट्टीच्या टोकाखालीही एक घडी द्या. घोडीच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे, म्हणजे ती पुढे-मागे कलंडणार नाही.

बबल रॅप थेट वाद्याला गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या टेम्पोत पॉलिश मऊ होतं आणि बुडबुड्यांचे ठसे कायमचे उमटतात. आधी सुती कापड, मग बाकीचं. वाद्य केसमध्येच (वाद्याच्या पेटीत) पाठवा आणि केस अशी निवडा की पाठ आणि गुंडाळीचं डोकं तळाला टेकत नाहीत. डोकं तळाला टेकलेलं असताना खोका पडला की सगळा धक्का मानेच्या मुळात जातो आणि मान ठोकळ्यातून निघते. केसमधली मानेची पट्टी बांधा. गज झाकणातच ठेवायचा असेल तर त्याला धरणारी फिरकी टेपने पक्की करा, नाहीतर ती फिरून गज वाद्यावर पडतो. गजाचे केस पूर्ण सैल करा. कोरड्या हवेत केस आक्रसतात आणि ताणलेल्या गजाचं टोक तुटतं. राळ वेगळ्या प्लॅस्टिक डबीत द्या. ती उन्हात वितळून केसच्या अस्तराला लागली की निघत नाही.

बाहेरचा खोका केसहून प्रत्येक बाजूने ५ सेंमी मोठा घ्या. आत केस हलता कामा नये. भरून झाल्यावर खोका हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा उघडा.

खुंटीकार

कोकणसूर, राज्यातल्या राज्यात तुमचं म्हणणं मान्य. पण विमानाने परदेशी जाणाऱ्या नगाची घोडी मी आडवी करायला सांगेन. खोका उलटा आपटला तर उभी घोडीच पोटात खड्डा पाडते. घोडी काढून कापडात गुंडाळायची, तिची जागा पोटावर दोन छोट्या कागदी चिकटपट्ट्यांनी दाखवायची (गोंद हलका हवा, पॉलिश उचलणारा नको), तारा शेपटी जागेवर धरून राहील इतक्याच ताणात ठेवायच्या. पोस्ट नीट बसवलेला असेल तर तो हलत नाही. सोबत घोडी उभी करायची पाच ओळींची मराठी चिठ्ठी द्या. तीत हे ठळक लिहा की ताण चढवताना घोडीचं वरचं टोक पट्टीकडे ओढलं जातं, म्हणून प्रत्येक अर्ध्या स्वराला ती मागे सरळ करायची. शेपटीकडची बाजू पोटाशी काटकोनात हवी. हे न केल्याने घोड्या वाकतात आणि दोष दुकानाला लागतो.

तंतू_मिरज

दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, हवामान. मिरजेत जुळवलेलं वाद्य रत्नागिरीला आणि नागपूरला गेलं तर? दुसरी, बरेच शिक्षक हिंदुस्थानी पद्धतीने सा-प-सा-प लावतात. कारखान्याच्याच तारा द्याव्यात का?

कोकणसूर

दमट हवेत पोट फुगून वर येतं, तारा उंच होतात, पोस्ट सैल पडतो. कोरड्या हवेत पोट बसतं, तारा खाली येतात आणि पोस्ट घट्ट होतो. म्हणून नागपूर-अकोल्याकडे मार्च ते मे या काळात जाणाऱ्या नगाचा पोस्ट जरा सैलसरच बसवा. आणखी एक जागा खास बघा: शेपटीचा दोर ज्या काळ्या खोबणीवरून जातो ती आबनूसाची पट्टी. स्प्रूस आडवं आक्रसतं, आबनूस तेवढं आक्रसत नाही. तिच्या दोन टोकांना अर्धा मिमी फट नसेल तर पोटाला तिथूनच उभी चीर जाते. स्वस्त नगांत ती हटकून घट्ट ठोकलेली असते. कानशीने दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्या २० नगांवर करा.

पावसाळ्यात कडेचा जोड सुटला तर घाबरू नका. सरसाने जोडलेलं असेल तर जोड सुटतो आणि लाकूड वाचतं, आणि तसंच व्हायला हवं. पुन्हा गरम सरसानेच चिकटवा. फेविकॉल किंवा इपॉक्सी लावलं की पुढच्या वेळी जोडाऐवजी पोट फाटतं.

स्वरपट्टी_दोन

तारांबद्दल सांगते. पांढरी पाचला (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी) सा धरला तर सा-प-सा-प म्हणजे जी-डी-जी-डी. जाड दोन तारा जिथल्या तिथे राहतात आणि बारीक दोन फक्त एकेक स्वर खाली येतात. नेहमीचा संच चालतो. पण पांढरी दोनला लावायचं असेल तर डी-ए-डी-ए होतं. जाड दोन तारा अडीच स्वर खाली, बारीक दोन साडेतीन स्वर खाली. नेहमीच्या तारा तिथे लोळतात, गज दाबला की सूर चढतो. अशा गिऱ्हाइकाला जाड मापाच्या तारा द्या आणि नटच्या खाचा त्या मापाने रुंद करा. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा: कोणत्या पट्टीत लावणार?

कारखान्याच्या तारा कोणालाच देऊ नका. नव्या विद्यार्थ्याला पोलादी गाभ्याच्या डॅडारिओ प्रिल्यूडसारख्या तारा पुरतात, हवा बदलली तरी सुरात राहतात. सिंथेटिक गाभ्याच्या थोमास्टिक डोमिनंटसारख्या तारा वाद्य त्या योग्यतेचं असेल तरच.

मापही विचारून घ्या. विद्यार्थ्याच्या मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत हात २३ इंच किंवा जास्त असेल तर पूर्ण माप, २२ च्या आसपास पाऊण, २० ला अर्धं. पालक "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठं मागतात. ते देऊ नका, मुलाचं मनगट वाकतं आणि वाद्य महिनाभरात परत येतं.

बंदरावरचा

कागदपत्रांचं. आयात-निर्यात कोड आधी काढा, त्याशिवाय खेप सुटत नाही. व्हायोलिनचं वर्गीकरण ९२०२ १० मध्ये. प्रत्येक व्हायोलिनसोबत एक गज आला तर तो त्याच शीर्षकात जातो. सुटे जास्तीचे गज आणि तारा ९२०९ मध्ये. केसचंही तसंच: वाद्यासोबत असेल तर वाद्यात, रिकामी मागवली तर ४२०२. म्हणून बिलावर "२० व्हायोलिन, गज व केससह" असं एका ओळीत हवं. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर भाडं आणि विमा धरून लागतं, हिशेब त्यावर करा. लाकडी क्रेटमधून येणार असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडाला कीडनाशक प्रक्रिया केल्याचा) शिक्का बघा.

कुरिअरचं भाडं वजनापेक्षा आकारावर जातं. ९०×३६×२६ सेंमीचा खोका, भागिले ५०००, म्हणजे जवळपास १७ किलोचं भाडं. खरं वजन ४-५ किलोच असतं. आयताकृती केसऐवजी वाद्याच्या आकाराची निमुळती केस घेतली तर खोका लहान होतो, पण कोकणसूरांनी सांगितलेलं ५ सेंमीचं अंतर मात्र कापू नका.

परदेशी पाठवताना गजाचं लाकूड बघा. पर्नांबुको (ब्राझीलचं गजाचं लाकूड) २००७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ मध्ये ब्राझीलमधून निघणाऱ्या तयार गजांवरही परवान्याची अट आली. विद्यार्थ्यांना कार्बन किंवा फायबरचा गज द्या, प्रश्नच मिटतो. शिसवीच्या खुंट्या-शेपटीची चिंता नको. तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग २०१९ पासून त्या नियमातून वगळलेत. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो पाठवूच नका.

आणि गोव्यातल्या जुन्या घरांतून "स्ट्रॅडिव्हेरियस" लेबलची व्हायोलिन विकायला आली तर लेबलवर किंमत ठरवू नका. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन आणि आता चेक देशात असलेल्या शोनबाखच्या घराघरांत असे लाखो नग बनले. आयात मालावर देशाचं नाव मागणाऱ्या अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यानंतर त्यांवर देशाचं नाव येऊ लागलं, म्हणून लेबलवर "जर्मनी" किंवा "चेकोस्लोव्हाकिया" दिसतं. दुसरं नाव असेल तर वाद्य १९१८ नंतरचं. वाद्य चांगलं असू शकतं, पण बिलावर "स्ट्रॅडिव्हेरियसच्या नमुन्यावरील जर्मन (किंवा चेक) वाद्य" असंच लिहा.

खुंटीकार

चिठ्ठीत एक ओळ वाढवा, तंतूदादा. खोका उघडल्यावर आत काही खडखडलं तर तो साउंडपोस्ट आहे. त्या वेळी तारा चढवायच्या नाहीत, असलेल्याही लगेच सैल करायच्या. पोस्टशिवाय ताण दिला की घोडीच्या पायाखाली पोट बसतं. प्रत्येक नगाचा पोस्ट कापला की त्याची लांबी आणि टोकांचा उतार वहीत नग क्रमांकासह नोंदवा. पोस्ट हरवला किंवा मोडला तर त्याच मापाचा नवा कापून गिऱ्हाइकाच्या जवळच्या कारागिराकडे साध्या पाकिटातून पाठवता येतो, अख्खं वाद्य परत मागवावं लागत नाही.